विश्लेषण : जमिनीतून सुटणाऱ्या वायूंवरून खालची उष्णता कशी ओळखतात? बन्सेन यांच्या आइसलँड मोहिमेची गोष्ट

बन्सेन हे नाव बहुतेकांना भेटते ते आठवी-नववीच्या प्रयोगशाळेत, निळ्या ज्योतीच्या बर्नरवर. पण रॉबर्ट बन्सेन यांच्या आयुष्यातला एक उन्हाळा प्रयोगशाळेबाहेर गेला. आइसलँडमध्ये गंधकाच्या वासात आणि उकळत्या चिखलाच्या डबक्यांमध्ये ते जमिनीतून सुटणारा वायू काचेच्या नळ्यांत भरून घेत होते. आज जगभर भूऔष्णिक ऊर्जेचा शोध घेताना खोल विहीर खोदण्याआधी जमिनीतल्या वायूंचे सर्वेक्षण करतात. त्यामागचा विचार बन्सेन यांच्या त्या कामाशी थेट नाते सांगतो. हे सर्वेक्षण नेमके कसे होते आणि वायू मोजण्याचे वेड असलेला हा रसायनशास्त्रज्ञ त्या बेटावर कसा पोहोचला, हे समजून घेऊ.

वायूचा आणि उष्णतेचा संबंध काय?

जमिनीखाली एक-दोन किलोमीटरवर तापलेला खडक आणि त्याच्या भेगांत अडकलेले गरम पाणी असेल, तर विहीर खोदून ती वाफ वर आणता येते आणि तिच्यावर टर्बाइन फिरवून वीज बनवता येते. अडचण एकच, ही उष्णता वरून दिसत नाही. कुठे गरम झरा असतो, कुठे वाफ निघते. पण बऱ्याच ठिकाणी वर नुसते गवत किंवा वाळवंट असते आणि खाली मात्र भट्टी पेटलेली असते. एवढ्या खोल विहिरीचा खर्च कोट्यवधी रुपयांत जातो आणि ती कोरडी किंवा थंड निघाली तर पैसा बुडाला. म्हणून विहिरीआधी स्वस्तात अंदाज घेण्याच्या पद्धती लागतात.

पाणी खडकात अडकून राहते, पण वायू चुकार असतो. तो केसाएवढ्या भेगेतून वर येतो, मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत साचतो आणि हळूहळू हवेत मिसळतो. मातीतली ही हवा बाहेर काढून तपासली, तर खाली काय शिजते आहे याचा वास लागतो. घरात बंद पातेल्यावरचे झाकण न उचलता, वाफेच्या वासावरून आमटी झाली का हे सांगणाऱ्या माणसासारखेच हे काम आहे. बन्सेन यांचे निम्मे आयुष्य अशा बंद पातेल्यांसमोर गेले.

बन्सेन कोण होते?

त्यांचा जन्म मार्च १८११ मध्ये जर्मनीतल्या ग्योटिंगेन या विद्यापीठाच्या गावी झाला. वडील त्याच विद्यापीठात भाषांचे प्राध्यापक आणि ग्रंथपाल होते. चार मुलांमध्ये रॉबर्ट धाकटे. विशीतच त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि मग युरोपभर फिरून प्रयोगशाळा, खाणी, कारखाने पाहिले. या भटकंतीची सवय त्यांना जन्मभर राहिली. पुढे प्राध्यापक झाल्यावरही सुट्टी लागली की ते डोंगरात जात.

१८३४ मध्ये एका वैद्य सहकाऱ्याबरोबर त्यांनी दाखवून दिले की, आर्सेनिकच्या विषावर लोहाचे ताजे हायड्रॉक्साइड हा उतारा आहे, कारण ते आर्सेनिकला धरून न विरघळणाऱ्या रूपात बसवते. नंतरची काही वर्षे ते नेमके आर्सेनिकच्याच घाणेरड्या वासाच्या, हवेत आपोआप पेट घेणाऱ्या संयुगांवर काम करत बसले. त्यात एकदा स्फोट झाला, काचेचा तुकडा उजव्या डोळ्यात गेला आणि त्या डोळ्याची दृष्टी कायमची गेली. विषबाधेने ते मरणाच्या दारातही जाऊन आले. ते संशोधन पुरे करून त्यांनी त्या शाखेला जवळपास रामराम ठोकला. सेंद्रिय रसायनशास्त्रात त्यावेळी नाव कमावण्याची सर्वात मोठी संधी होती, तरी ते तिकडे वळले नाहीत. त्यांना ओढ होती ती वायूंची.

कासेल आणि नंतर मारबुर्ग इथे नोकरी करताना त्यांनी वायू मोजण्याचे एक सबंध तंत्र बांधले. पाऱ्यावर उलट्या धरलेल्या, खुणा केलेल्या काचनळीत वायू घ्यायचा. कार्बन डायऑक्साइड शोषून घेण्यासाठी प्लॅटिनमच्या तारेवर बसवलेली पोटॅशची गोळी आत सरकवायची आणि आकारमान किती घटले ते पाहायचे. जळणारा वायू असेल तर मोजका ऑक्सिजन मिसळून विजेच्या ठिणगीने स्फोट घडवायचा आणि पुन्हा मोजायचे. तापमान आणि हवेचा दाब दरवेळी टिपायचा. ऐकायला हे कंटाळवाणे वाटते, आणि ते तसे होतेही. पण वायूंचे मिश्रण हा तोवरचा अंदाजपंचे कारभार त्यांनी टक्केवारीत आणला. काचनळ्या ते स्वतः फुंकून बनवत. तापलेली काच हाताळून त्यांची बोटे इतकी राठ झाली होती की, विद्यार्थ्यांना त्याचे कौतुकमिश्रित आश्चर्य वाटे.

लोखंडाच्या भट्टीने काय शिकवले?

१८३८ पासून बन्सेन लोखंडाच्या झोतभट्ट्यांतून निघणाऱ्या वायूंच्या मागे लागले. भट्टी पेटलेली असताना आत डोकावणे अशक्य. मग त्यांनी वेगवेगळ्या उंचीवर नळ्या घालून आतला वायू बाहेर ओढला आणि त्याचे पृथक्करण केले. प्रत्येक थरात काय जळते, काय नुसते तापते, कुठे कोणती क्रिया होते याचा नकाशा या वायूंवरून तयार झाला. निष्कर्ष कारखानदारांना झोंबणारा होता. कोळशातली निम्म्याहून अधिक उष्णता भट्टीच्या तोंडातून जळाऊ वायूच्या रूपाने आकाशात जात होती.

पुढे इंग्लंडमधल्या दगडी कोळशाच्या भट्ट्यांवर ल्यॉन प्लेफेअर या रसायनशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी हेच काम केले. १८४५ मध्ये दोघांनी मांडलेल्या अहवालानुसार तिथला तोटा ऐंशी टक्क्यांहून अधिक होता. या कामात एकदा बन्सेन विषारी वायू लागून खाली कोसळले आणि प्लेफेअर यांनी त्यांना ओढून बाहेर काढले. एक डोळा गेलेला, आर्सेनिकने पोखरलेला माणूस पुन्हा वायूच्या नळीपाशी जाऊन उभा राहत होता, हे लक्षात घेतले की त्यांच्या शांत, विनोदी स्वभावाच्या कथांकडे जरा वेगळ्या नजरेने पाहावे लागते.

भट्टीत डोकावता येत नाही, पण तिच्या तोंडाशी येणारा वायू आतली सगळी हकिकत सांगतो, हे त्यांना इथे पक्के कळले होते. पुढच्याच वर्षी त्यांच्यासमोर आली ती पृथ्वीची भट्टी.

आइसलँडला ते का गेले?

आइसलँडमधला हेक्ला ज्वालामुखी सप्टेंबर १८४५ मध्ये जागा झाला आणि पुढच्या वसंतापर्यंत धगधगत राहिला. बेट तेव्हा डेन्मार्कच्या राज्यात होते. डेन्मार्क सरकारच्या पाठिंब्याने १८४६ मध्ये एक शास्त्रीय मोहीम निघाली. तिच्यात बन्सेन होते, एट्ना ज्वालामुखीचे जाणकार झार्टोरियस फॉन वाल्टर्सहाउझेन होते आणि फ्रान्सचे खनिजतज्ज्ञ आल्फ्रेड डे क्लोआझो होते. रस्ते जवळपास नव्हतेच. घोड्यांवर सामान लादून, नद्या ओलांडून जायचे. त्या सामानात काचेच्या नळ्या आणि तापमापक सुखरूप ठेवणे हीच एक कसरत होती.

सर्वांत गाजले ते गेसिरवरचे काम. ठरावीक काळाने उकळते पाणी आकाशात फेकणाऱ्या झऱ्यांना जगभर गायझर म्हणतात, तो शब्द याच एका झऱ्याच्या नावावरून आला. वर सुमारे १८ मीटर रुंदीची बशीसारखी कुंडी आणि तिच्या मध्यातून खाली गेलेली सुमारे २२ मीटर खोल उभी नळी, अशी त्याची रचना. त्या काळी मान्य असलेले स्पष्टीकरण असे होते की, खाली कुठेतरी मोठी गुहा असणार, तिच्यात वाफ साचते आणि पाण्याला ढकलते.

बन्सेन आणि डे क्लोआझो यांनी गुहेवर चर्चा करत बसण्याऐवजी नळीत दोरीने तापमापक सोडले. पाणी उसळण्याच्या काही मिनिटे आधीपर्यंत वेगवेगळ्या खोलीवरचे तापमान त्यांनी मोजले. कुंडी कधीही उसळेल अशा जागी उभे राहून हे करायचे होते. तळाशी तापमान सुमारे १२७ अंश सेल्सिअस भरले. उघड्यावर पाणी १०० अंशांला उकळते, पण खोलवर वरच्या पाण्याचा भार असल्याने तिथे उकळबिंदू वर चढतो. प्रेशर कुकरमध्ये होते तेच. हिशेब केला तेव्हा दिसले की नळीत कुठेही पाणी त्या खोलीच्या उकळबिंदूला पोहोचलेले नाही, तळाशीसुद्धा नाही. सर्वांत जवळ होते ते मधल्या भागातले पाणी. तळापासून नऊएक मीटर वर तापमान होते १२१.८ अंश आणि तिथला उकळबिंदू १२३.८. फरक फक्त दोन अंशांचा.

आता समजा खालून आलेल्या वाफेच्या बुडबुड्यांनी हा पाण्याचा खांब दोन मीटर वर उचलला. पाणी तेवढेच गरम, पण वरचा भार कमी झाल्याने नव्या जागी उकळबिंदू १२०.८ अंशांवर येतो. म्हणजे पाणी एका अंशाने जास्तच तापलेले ठरते. ते क्षणात उकळते, वाफ होते, वरचे पाणी बाहेर फेकले जाते. त्यामुळे खालचा भार आणखी घटतो आणि खालचे पाणीही उकळते. साखळी तळापर्यंत जाते. गुहेची गरजच नाही. परत आल्यावर बन्सेन यांनी वर कुंडी आणि खाली लांब नळी असलेला एक छोटा कृत्रिम गायझर करून दाखवला. नळीला तळाशी आणि मध्यावर उष्णता दिली की तो खऱ्यासारखा उसळे. त्यांचे विद्यार्थी जॉन टिंडाल यांनी हा विचार इंग्रजी वाचकांपर्यंत नेला. नंतरच्या संशोधनाने या चित्रात भर घातली आहे. काही गायझरांच्या नळीला बाजूने वाफ साचवणाऱ्या पोकळ्या असल्याचे दिसले, आणि पाण्यात विरघळलेले वायूही उकळण्याला हातभार लावतात. पण दाब घटल्याने उकळण्याची साखळी सुरू होते, हा गाभा टिकून आहे.

आणि वायूंचे काय?

गेसिरच्या कारंज्यापुढे हे काम झाकले गेले, पण आजच्या विषयाच्या दृष्टीने खरे मोल त्याचेच. हेक्लाचा परिसर, क्रिसुविक, उत्तरेकडचा रेकियाहलिद असा प्रवास करत बन्सेन यांनी वाफ ओकणाऱ्या भोकांतून वायूचे नमुने घेतले. निमुळत्या टोकाच्या काचनळीत वायू भरायचा आणि टोक ज्योतीवर वितळवून कायमचे बंद करायचे, ही त्यांची पद्धत. अशी नळी घोड्याच्या पाठीवरून आणि मग जहाजातून मारबुर्गपर्यंत आली तरी आतला नमुना हवेने भ्रष्ट होत नाही. नमुना घेताना हवा न मिसळू देणे ही आजही या कामातली पहिली अट आहे.

पृथक्करणात कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन, सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड असे अपेक्षित पाहुणे निघाले. शिवाय चक्क हायड्रोजनही निघाला. आज भूरसायनतज्ज्ञांना ठाऊक आहे की, तापलेल्या खडकातल्या लोहयुक्त खनिजांशी पाण्याची क्रिया होऊन हायड्रोजन सुटतो आणि तापमान वाढले की त्याचे प्रमाण चढते. म्हणून वाफेतला हायड्रोजन, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या प्रमाणावरून खालच्या पाण्याचे तापमान काढण्याची सूत्रे तयार झाली आहेत. विहीर न खोदता वापरता येणारा तो एक तापमापकच. बन्सेन यांच्या हातात ही सूत्रे नव्हती. त्यांनी आकडे नोंदवून ठेवले.

त्यांनी गरम झऱ्यांचे दोन गटही ओळखले. एका गटातले पाणी आम्लधर्मी. तिथे गंधकाचे वायू खडक कुजवून त्याचा रंगीबेरंगी चिखल आणि जिप्सम करतात. दुसऱ्या गटातले पाणी अल्कधर्मी आणि सिलिकाने भरलेले. गेसिरसारखे झरे हीच सिलिका थरावर थर बसवून स्वतःची नळी स्वतः बांधतात. ही विभागणी ढोबळमानाने अजून वापरात आहे. मात्र आइसलँडचे सगळे खडक दोनच मूळ रसांच्या मिश्रणातून झाले, हा त्यांचा १८५१ मधला सिद्धांत पुढे टिकला नाही.

आजचे सर्वेक्षण कसे होते?

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. बन्सेन यांनी उघड्या भोकातून फुसफुसणारा वायू तपासला. आजचे सर्वेक्षण त्याच्या पुढे जाते आणि जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, तिथल्या मातीतला वायू तपासते.

संशयित भागावर ठरावीक अंतराच्या बिंदूंचे जाळे आखतात. प्रत्येक बिंदूवर पोलादी पोकळ सळई अर्धा ते एक मीटर खोल ठोकतात आणि सिरिंज किंवा छोट्या पंपाने मातीतली हवा ओढून घेतात. दुसरी पद्धत आणखी सोपी. उपडे घातलेले पातेले समजा, तसे एक भांडे जमिनीवर घट्ट टेकवायचे आणि त्याच्या आत कार्बन डायऑक्साइड किती वेगाने वाढतो हे अवरक्त किरणांच्या यंत्राने पाहायचे. दोन-तीन मिनिटांत एक बिंदू पुरा होतो. दोन माणसे दिवसभरात बरेच रान पालथे घालू शकतात. मग सगळे आकडे नकाशावर मांडले की बऱ्याचदा जास्त वायूचे बिंदू एका रेषेत येतात. ती रेषा म्हणजे खालची भेग किंवा प्रस्तरभंग असण्याची शक्यता, आणि गरम पाण्याची वाटही तीच.

कोणते वायू शोधतात? कार्बन डायऑक्साइड सर्वांत मुबलक. रेडॉन हा किरणोत्सारी वायू वेगळ्या कारणाने कामाचा. तो ३.८ दिवसांत निम्मा उरतो. एवढ्या अल्पायुषी वायूला खोलवरून मातीच्या कणांतून झिरपत वर यायला वेळच नसतो. तरी तो वर भरपूर सापडला, तर भेगेतून दुसरा कुठला तरी वायू त्याला भराभर वाहून आणतो आहे, असा अर्थ निघतो. त्याचा भाऊ थोरॉन तर मिनिटाच्या आत निम्मा होतो, म्हणजे तो जवळच्याच मातीतला. दोघांच्या प्रमाणावरून वायू खोलचा की उथळ हे ताडता येते. हेलियम कशाशीच क्रिया करत नाही आणि बारीकातल्या बारीक फटीतून निसटतो, म्हणून तो खोल भेगांचा चांगला साक्षीदार. पारा तापला की त्याची वाफ वर येऊन मातीच्या कणांना चिकटते. तीही मोजतात.

बन्सेन फिरले त्या आइसलँडमध्येही अशी मोजणी झाली आहे. रेकियानेस इथल्या भूऔष्णिक क्षेत्रात असे आढळले की बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी बहुतेक सगळा वाफेच्या भोकांतून नव्हे, तर आजूबाजूच्या साध्या दिसणाऱ्या जमिनीतून झिरपतो. बघणाऱ्याचे लक्ष वाफेच्या लोटांकडे आणि खरी गळती पायाखाली, असा प्रकार.

यावर किती भरवसा ठेवायचा?

जपूनच. मातीतल्या मुळांचा आणि जिवाणूंचा श्वास म्हणजे कार्बन डायऑक्साइडच. शेणखत घातलेल्या शेतात यंत्र लावले तर तेही भरपूर वायू दाखवेल. हा सजीवांचा वायू आणि खोलचा वायू वेगळा करायला कार्बनच्या समस्थानिकांचे प्रमाण तपासावे लागते. पाऊस पडला की मातीची भोके बुजतात आणि वायू अडतो. हवेचा दाब उतरला की जमीन जास्त श्वास सोडते. सोसाट्याचा वारा असेल तर आकडे डळमळतात. त्यामुळे सर्वेक्षण शक्यतो कोरड्या, स्थिर हवामानात आणि थोड्या दिवसांत उरकतात.

मोठी गफलत दोन प्रकारची होते. भेग आहे, वायूही येतो आहे, पण खालची उष्णता केव्हाच निवलेली आहे, हा एक प्रकार. दुसरा अधिक फसवा. आम्लधर्मी वायूंनी खडक कुजून जो चिखल होतो म्हणून बन्सेन यांनी वर्णन केले, तशाच मातकट खनिजांचा थर गरम साठ्यावर झाकणासारखा बसतो. झाकण पक्के असेल तर नेमक्या साठ्याच्या डोक्यावर वायू कमी आणि कडेला जास्त असे चित्र दिसते. नकाशावरच्या सर्वांत लाल ठिपक्यावर विहीर खोदायला निघालेला माणूस मग चुकतो. म्हणून वायूंच्या नकाशाला जमिनीची विद्युतरोधकता, गुरुत्व, झऱ्यांचे रसायन अशा इतर मोजण्यांची जोड दिल्याशिवाय शहाणी कंपनी विहिरीचा निर्णय घेत नाही.

बर्नर, वर्णपट आणि विजयदुर्गचा संबंध काय?

१८५२ मध्ये बन्सेन हायडेलबर्गला आले आणि तिथेच राहिले. नव्या प्रयोगशाळेत शहराचा कोळशाचा वायू नळाने आला होता. त्यावर धूर न करणारी, रंगहीन, गरम ज्योत त्यांना हवी होती. १८५५ च्या सुमारास पेटर डेसागा या विद्यापीठाच्या यंत्रकाराने ती घडवली. बन्सेन यांनी तिचे पेटंट घेतले नाही. विज्ञानातून पैसा करावा असे त्यांना वाटतच नसे. १८५७ मध्ये वायू मोजण्याच्या पद्धतींवरचे त्यांचे पुस्तक आले आणि हेन्री रॉस्को यांनी लगेच त्याचे इंग्रजी भाषांतर केले.

त्या रंगहीन ज्योतीत क्षार धरला की तिचा रंग बदलतो. गुस्ताव किर्खहोफ या भौतिकशास्त्रज्ञ मित्राने सुचवले की तो रंग लोलकातून पाहावा. त्यातून वर्णपटदर्शक तयार झाला आणि प्रत्येक मूलद्रव्याची रेघांची सही वाचता येऊ लागली. १८६० मध्ये बन्सेन यांनी हे यंत्र पुन्हा जमिनीतून येणाऱ्या पाण्याकडेच वळवले. डुर्कहाइमच्या खनिज झऱ्याच्या पाण्यात दोन अनोळखी निळ्या रेघा दिसल्या. चाळीस टनांहून अधिक पाणी आटवून त्यांनी काही ग्रॅम क्षार हाती घेतला आणि सीझियम हे मूलद्रव्य जगासमोर आले. पुढच्या वर्षी रुबिडियम.

मराठी वाचकांच्या ओळखीचा धागा इथे येतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात, भारतातून केलेल्या निरीक्षणांत, सूर्याच्या प्रकाशात एक पिवळी रेघ दिसली. तीच पुढे हेलियमची ठरली. ती वाचायला वापरलेले तंत्र बन्सेन आणि किर्खहोफ यांचेच. हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावरून नॉर्मन लॉकयर यांनी लावला असे कोकणात अभिमानाने सांगितले जाते. पण लॉकयर १८६८ मध्ये इंग्लंडमध्ये होते आणि त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथूनच ग्रहणाविना सूर्याचा वर्णपट टिपला. विजयदुर्गला ते आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तोवर, म्हणजे १८९५ मध्ये, विल्यम रॅमसे यांना हेलियम पृथ्वीवरच्या खनिजात सापडलाही होता. आणि आज तोच वायू सळई ठोकून मातीतून शोधला जातो.

महाराष्ट्रात याचा उपयोग आहे का?

कोकणपट्टीत वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून महाडजवळचे सव, उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी ते राजापूरच्या उन्हाळ्यापर्यंत गरम पाण्याच्या झऱ्यांची माळच आहे. सह्याद्रीचा बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, केव्हाच निवलेला. त्यामुळे इथे आइसलँडसारखी भट्टी नाही. पावसाचे पाणी भेगांतून खोल जाते, तिथल्या नैसर्गिक उष्णतेने तापते आणि भेगेनेच वर येते. अशा ठिकाणी वायूंच्या सर्वेक्षणाचा उपयोग मुख्यतः त्या भेगा नेमक्या कुठून जातात हे शोधायला होतो. देशात तीनशेहून अधिक गरम झरे नोंदले गेले आहेत. विजेच्या दृष्टीने सर्वाधिक आशा मात्र लडाखमधल्या पुगा खोऱ्याकडून आहे आणि ओएनजीसीने तिथे काम हाती घेतले आहे.

शेवटची वर्षे कशी गेली?

बन्सेन यांनी लग्न केले नाही. विद्यार्थी हेच घर. विसरभोळेपणाच्या त्यांच्या इतक्या गोष्टी हायडेलबर्गमध्ये फिरत की त्यातल्या खऱ्या किती हे सांगणे कठीण. मानसन्मानांचा त्यांना कंटाळा होता. १८८९ मध्ये, ७८ व्या वर्षी, ते निवृत्त झाले आणि रसायनशास्त्र बाजूला ठेवून पुन्हा भूगर्भशास्त्राच्या नादी लागले. १६ ऑगस्ट १८९९ रोजी हायडेलबर्गमध्येच त्यांचे निधन झाले.

जमिनीतल्या वाफेवर वीज बनवता येईल असे त्यांनी कुठे सुचवले नव्हते. ते प्रथम करून दाखवले इटलीतल्या लार्देरेल्लो इथे पिएरो जिनोरी कोंती यांनी, १९०४ मध्ये, पाच दिवे पेटवून. आइसलँडला त्यानंतरही बराच काळ थांबावे लागले. आज तिथली दहापैकी नऊ घरे जमिनीखालच्या उष्णतेवर ऊबदार राहतात. त्या बेटावरचे पहिले भूऔष्णिक वीजकेंद्र १९६९ मध्ये ब्यार्नारफ्लाग इथे सुरू झाले, अवघ्या तीन मेगावॉटचे. ते उभे आहे रेकियाहलिदच्या शेजारी, जिथे बन्सेन यांनी काचेच्या नळीचे तोंड ज्योतीवर वितळवून बंद केले होते.